शेवाळाला खत कोण घालतं?

जवळा बाजारच्या कृषी सेवा केंद्रात खताच्या पोत्यांची थप्पी लागलेली असते आणि प्रत्येक पोत्यावर ठळक आकडे छापलेले असतात. 18:46, 10:26:26, 12:32:16. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा असेल तर पालाशचा. औंढा तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. हळद, कापूस, सोयाबीन, कोणत्या पिकाला कधी काय द्यायचं ते त्याला तोंडपाठ असतं. नुसतं नत्र जास्त पडलं तर पीक हिरवंगार माजतं आणि हाती काही लागत नाही, हेही तो सोसून शिकलेला असतो.

घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवणाऱ्या माणसाला जे शिकायला मुंबई-पुण्यात वर्षं घालवावी लागतात, त्यातलं निम्मं या दुकानाच्या पायरीवर कळतं, असं माझं ठाम मत आहे. टाकीत शेवाळ माजलं की माणूस आधी औषध शोधतो. शेवाळ कशानं मरेल हा त्याचा पहिला प्रश्न असतो. शेतकऱ्याचा पहिला प्रश्न वेगळा असेल: याला खत कुठून मिळतंय? खाऱ्या पाण्यातल्या शेवाळाचं सगळं शास्त्र या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं. हिंगोली जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, तर तो प्रश्न फारच निकडीचा आहे. कारण इथे समुद्र बादलीत तयार करावा लागतो आणि बादलीतलं पाणी इथल्याच जमिनीतून येतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. 200 लिटरची टाकी भरायची तर सात किलो कृत्रिम सागरी मीठ लागतं. हे मीठ म्हणजे किराण्यातलं मीठ नव्हे. त्यात सोडियम क्लोराइडसोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असं सगळं समुद्राच्या प्रमाणात घातलेलं असतं. मिठाची पिशवी चांगल्यातली चांगली आणली, लाइट महागातला लावला, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर बसवला, आणि मीठ विरघळवलं बोअरच्या पाण्यात, तर पुढच्या पंधरा-वीस दिवसांत काय दिसणार ते आधीच सांगता येतं.

पहिल्यांदा पांढऱ्या वाळूवर तपकिरी सायीसारखा थर चढतो. बोट फिरवलं की धुरळ्यासारखा उडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. हे डायटम, एकपेशीय शैवाल. त्याचं वैशिष्ट्य असं की ते स्वतःभोवती सिलिकेची, म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याची, पेटी बांधतं. सिलिका नसेल तर त्याला घर बांधता येत नाही आणि घराशिवाय ते वाढत नाही. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यात सिलिका अगदी थोडी असते. आपल्याकडचं भूजल मात्र दख्खनच्या बेसॉल्टमधून झिरपून येतं. काळा पाषाण झिजतो तेव्हा त्यातली सिलिका पाण्यात उतरते. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी टाकीत ओतणं म्हणजे डायटमला बांधकामाचं साहित्य घरपोच देणं होय.

डायटम ओसरलं की हिरवी मंडळी येतात. हेअर अल्गी म्हणून ओळखलं जाणारं केसाळ शेवाळ आधी एखाद्या दगडाच्या कडेला बोटभर दिसतं आणि महिन्याभरात दगड ओळखू येईनासा होतो. विहिरीच्या पायऱ्यांवरचं गोंडाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना ते नवं वाटणार नाही. ब्रायॉप्सिस पिसांसारखं, व्हॅलोनिया हिरव्या चकचकीत मण्यांसारखं. मग जिथे पाणी साचून राहतं अशा कोपऱ्यात जांभळट-तांबडी बुळबुळीत चादर पसरते आणि तिच्यावर प्राणवायूचे बुडबुडे चिकटून राहतात. ही चादर खरं तर शैवालाची नाहीच. ती सायनोबॅक्टेरियाची, प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंची. हिच्या जातभाईंना आपण चांगले ओळखतो, कारण त्यांची मोठी वसाहत आपल्या शेजारीच आहे.

जवळा बाजारहून जिंतूरच्या पलीकडे गेलं की बुलढाणा जिल्ह्यात लोणार लागतं. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, आणि त्याच्या तळाशी खारं, अल्कधर्मी सरोवर. पाण्याचा सामू 10 च्या आसपास. समुद्राचा 8.1 च्या जवळ असतो, म्हणजे लोणारचं पाणी समुद्राहून कितीतरी जास्त अल्कधर्मी. या परिसरात काच आणि साबण करायला लागणारं द्रव्य मिळतं अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. हे सरोवर पिढ्यान्‌पिढ्या हिरवं दिसत आलं ते प्रामुख्याने आर्थ्रोस्पायरा या सायनोबॅक्टेरियामुळे, ज्याला बाजारात स्पिरुलिना म्हणतात. जून 2020 मध्ये तेच पाणी गुलाबी झालं. देशभर फोटो फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली आणि वन विभागाने नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितलं: पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे पाणी आटून क्षार वाढले आणि क्षारप्रेमी आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, बळावले. त्यांचा रंगच गुलाबी. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं.

लोणारची हकिकत मी इथे एवढ्यासाठी सांगतो आहे की घरातल्या टाकीतही नेमकं हेच चालू असतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो आणि सागरी माशांना पाणी 25-26 अंशांवर लागतं. चिलर सगळ्यांना परवडत नाही, म्हणून पाण्यावर पंखा लावतात. पंख्याने पाणी थंड होतं ते उडून जाण्यामुळेच. 200 लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडतं. ते भरून काढावं लागतं, आणि ते गोड्या पाण्याने. कारण मीठ टाकीतच असतं.

आता हिशेब मांडून पाहा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मान्य मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. शेतीच्या पट्ट्यात, जिथे युरिया आणि शेणखत दोन्ही जमिनीत मुरतात, तिथल्या अनेक विहिरी आणि बोअर ती मर्यादा ओलांडतात. आपण मर्यादेवरचंच पाणी धरू. रोज तीन म्हणजे महिन्याला 90 लिटर, गुणिले 45, म्हणजे 4,050 मिलिग्रॅम नायट्रेट. 200 लिटरच्या टाकीत लिटरमागे 20 मिलिग्रॅमची भर, दर महिन्याला, आणि अजून माशांना एक कण खायला घातलेला नाही. सागरी टाकीत सांभाळायचं नायट्रेट साधारण 2 ते 10 मिलिग्रॅम असतं. चार महिन्यांचा उन्हाळा असाच काढला तर टाकीत प्रवाळ राहील की केसाळ शेवाळ, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको.

म्हणून पाणी आरओचं. पण इथे एक मेख आहे. घरोघरच्या आरओ यंत्रांत बहुधा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ठरवणारा कंट्रोलर असतो. शुद्ध पाणी बेचव लागतं म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत त्यात मिसळतो. माणसाला ते चालतं, टाकीला नाही. गावात फिरणाऱ्या वीस लिटरच्या जारचंही तेच. जार थंड असतो, पाणी पिण्याजोगं असतं, पण ते टाकीसाठी केलेलं नसतं. टाकीला लागतं ते आरओच्या पुढे, उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेलं पाणी, ज्यावर टीडीएस मीटर शून्य दाखवतो. आणि या शून्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. सिलिका त्या मीटरला जवळपास दिसतच नाही, आणि रेझिन थकायला लागलं की सर्वांत आधी सुटते तीही सिलिकाच. वाळूवर तपकिरी थर पुन्हा दिसू लागला, मीटर मात्र शून्यावर आहे, असं झालं तर रेझिन बदलायची वेळ आली असं समजावं. बेसॉल्टवर राहणाऱ्यांनी ही खूणगाठ बांधून ठेवावी.

पाण्यानंतर खाद्य. इथे मायेमुळे नुकसान होतं. घरात पाहुणा आला की टाकीपाशी नेतात, मासे काचेशी येतात, आणि चिमूटभर खाद्य पडतं. लहान पोरं येता-जाता टाकतात. एक ग्रॅम कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का स्फुरद धरलं तर ते दहा मिलिग्रॅम होतं, फॉस्फेटच्या रूपात तीस मिलिग्रॅम. 200 लिटरमध्ये लिटरमागे 0.15. सागरी टाकीत फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या दरम्यान राखायचा प्रयत्न असतो. म्हणजे एका ग्रॅमने वरची मर्यादाही ओलांडली. सगळंच पाण्यात विरघळत नाही हे खरं. काही माशाच्या अंगी लागतं, काही स्किमर काढतो. पण रोजच्या चिमटीची बेरीज होत राहते. दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि खाद्य कमी केल्यावरही कित्येक आठवडे ते सोडत राहतात. खाद्य कमी केलं तरी शेवाळ हटेना, असं म्हणणाऱ्यांनी या उधारीचा विचार करावा.

मग नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले की झालं? अनेकांना तसंच वाटतं आणि इथेच गाडी घसरते. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी 1934 मध्ये दाखवून दिलं की समुद्रातल्या प्लवकांच्या शरीरात नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण आणि समुद्राच्या पाण्यातलं त्यांचं प्रमाण विलक्षण जुळतं. अणूंच्या हिशेबात ते 16 ला 1 असं येतं. कार्बनही धरला तर 106:16:1. पोत्यावरचे आकडे वाचणाऱ्याला हा समुद्राचा आकडा वाचायला अवघड जाऊ नये. जिवंत असलेल्या प्रत्येकाला दोन्ही लागतात, प्रवाळाला आणि चांगल्या जिवाणूंनाही. टाकीतलं नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून शून्यावर नेलं की हे चांगले रहिवासी आधी उपाशी मरतात. रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट येतात: तपकिरी, नाकातल्या शेंबडासारखे लोंबणारे, रात्री कमी आणि दुपारी जास्त दिसणारे. त्यांच्या काही जाती विषारी असतात, आणि त्यांना खाणाऱ्या गोगलगायी मरतात. त्यांच्यावरचा उपाय ऐकून नवखा माणूस चक्रावतो. टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट थोडं वाढवावं लागतं. जमीन पार निकस केली तर आधी पीक मरतं आणि मग कुंदा उरतो, हे शेतीत जसं आहे तसंच इथे.

आता औषधांबद्दल. शेततळ्यात शेवाळ झालं की मोरचूद, ठिबकच्या नळ्या शेवाळाने चोंदल्या की क्लोरीन आणि आम्लाची प्रक्रिया, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि शेतीत त्याला जागा आहे. खाऱ्या टाकीत मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांब्याचा अंशही गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ यांना पुरतो. ते दगडात आणि वाळूत मुरून राहतं. तांबडी चादर घालवायला अँटिबायोटिक टाकणारे आहेत, ब्रायॉप्सिससाठी मेडिकलमधून बुरशीनाशक गोळ्या आणणारे आहेत. ब्रायॉप्सिस त्या गोळ्यांनी मरतं, हे मी नाकारत नाही. पण मेलेलं शेवाळ टाकीतच कुजतं आणि त्याने शोषलेलं सगळं नत्र-स्फुरद पाण्यात परत येतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असा हा प्रकार. अँटिबायोटिक तर अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही झोडपू शकतं, आणि ते जिवाणू गेले तर मासे एका रात्रीत जातात. माझ्या मते अँटिबायोटिकला घरच्या टाकीत जागा नसावी.

औषधापेक्षा हात बरा. पाणी बदलताना सायफनची नळी एका हातात आणि दात घासायचा जुना ब्रश दुसऱ्या हातात. ब्रशने दगडावरचं शेवाळ सोडवायचं आणि त्याच क्षणी नळीने ओढून घ्यायचं. निघालेलं शेवाळ टाकीबाहेर गेलं म्हणजे त्याने खाल्लेलं खतही बाहेर गेलं. व्हॅलोनियाचे मणी फोडू नयेत, मुळापासून अलगद सोडवून काढावेत. तांबड्या चादरीसाठी पाण्याचा झोत त्या कोपऱ्याकडे वळवून पाहावा. वीज गेली की पंप थांबतात आणि असे कोपरे तयार होतात, म्हणून निदान एक पंप इन्व्हर्टरवर असावा.

हाताच्या जोडीला तोंडं लागतात. घरच्या काचेच्या टाकीचा शास्त्रशुद्ध पहिला प्रयोग म्हणून लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाचं नाव घेतलं जातं. 1850 मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. त्याच्या टाकीत सोनमासे होते, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती होती, आणि तरी कुजलेल्या पानांमुळे हिरवट बुळबुळ होऊन पाणी बिघडायला लागलं. त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळलं. या छंदाच्या जन्मापासून शेवाळाची अडचण सोबत आहे, आणि गोगलगायही.

टर्बो गोगलगाय रात्री काचेवर चढते तेव्हा तिच्याकडे टॉर्च लावून पाहावं. पोटाकडून तिचं तोंड दिसतं, ते उघडतं आणि दातेरी जीभ काचेवरून एकदा फिरते. मग मान थोडी वळते, पुन्हा जीभ. सकाळी काचेवरच्या हिरव्या पापुद्र्यात नागमोडी पट्टे उमटलेले असतात, इतके सारखे की जणू कुणी आखून काढले. तिचं हे काम आखूड शेवाळापुरतं असतं. लांब वाढलेले केस ती खात नाही, ते आधी हाताने उपटावे लागतात. गोगलगायी घेताना एक पाहावं: सागरी गोगलगायींच्याही काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. कुठून आणल्या ते विचारावं, पावती मागावी.

शेवाळ खाणारे गेले की काय होतं हे जमैकाने पाहिलं. तिथे मासेमारीने शेवाळखाऊ मासे आधीच विरळ झाले होते. प्रवाळखडक स्वच्छ ठेवायचं काम डायाडेमा नावाच्या लांब काट्यांच्या सागरी अर्चिनवर आलं होतं. 1983 मध्ये रोग आला आणि कॅरिबियन समुद्रातले बहुतेक सगळे डायाडेमा मेले. सत्तरच्या दशकाअखेर जमैकाच्या खडकांचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता, दीड दशकात तो पाच टक्क्यांच्याही खाली आला आणि शेवाळाने नव्वदच्या पुढे मजल मारली. टाकीतल्या चार गोगलगायी मेल्या तर चालतंय म्हणणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

आणखी एक उपाय आहे तो मला सर्वांत पटतो: शेवाळाला वाढूच देणं, पण आपण ठरवू त्या जागी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी 1980 च्या सुमारास टाकीबाहेर, भरपूर प्रकाशात, वाहत्या पाण्याखाली जाळीवर शेवाळ पिकवून ते नियमित खरडून काढायची पद्धत बसवली. खत तिथे संपतं, टाकीपर्यंत पुरत नाही. घरगुती प्रकार म्हणजे खालच्या छोट्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, कीटोमॉर्फा नावाचं गुंता झालेल्या दोऱ्यासारखं शैवाल ठेवायचं, रात्री त्याला दिवा लावायचा आणि वाढलं की मूठभर कापून काढायचं. शुद्ध आंतरपीकच.

याच कामासाठी पूर्वी कॉलर्पा वापरत. त्यातली कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही जात देखणी आणि चिवट. 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात तिचं सुमारे चौरस मीटरभर ठिगळ सापडलं, बहुधा टाकी साफ करताना निसटलेलं. पुढे फ्रान्स, इटली, स्पेनच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टर समुद्रतळ तिने झाकला. 2000 मध्ये ती कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत दिसली तेव्हा तिथल्या लोकांनी धडा घेतलेला होता. ठिगळांवर ताडपत्री अंथरून आत क्लोरीन सोडलं आणि 2006 मध्ये ती नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. एका घरगुती शैवालामागे सहा वर्षं आणि लक्षावधी डॉलर.

जुन्या जाणत्यांचा आवडता ‘जिवंत दगड’ही आपल्यासाठी नाही. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये समुद्रातून आणलेले जिवंत दगड आणि नुसते हवेचे बुडबुडे यांवर टाकी चालवून जगाला थक्क केलं होतं. पण भारतात प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रात, 1987 मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात, प्रवाळ आहेत ते तिथेच राहावेत. त्यांचा तुकडा मराठवाड्यातल्या बैठकीत यावा असं कुणालाही वाटू नये. मासेही हॅचरीत वाढवलेले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र केव्हाच बसवलं आहे. आपल्या टाकीत दगड येतात ते कोरडे किंवा सिमेंट-सिरॅमिकचे. त्यांच्यावर जिवाणूंची वस्ती जमायला काही महिने जातात, आणि तेवढे दिवस शेवाळ आघाडीवर राहणारच. त्या काळात घाबरून औषध न टाकणं, दर आठवड्याला नायट्रेट-फॉस्फेट तपासून वहीत लिहिणं, मासे कमी ठेवणं आणि टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवणं, एवढं पुरतं.

राहिला प्रश्न बदललेल्या पाण्याचा, ज्याचा विचार किनाऱ्यावरच्या लोकांना करावा लागत नाही. आठवड्याला दहा टक्के, म्हणजे 20 लिटर खारं पाणी घराबाहेर काढायचं. त्यात 700 ग्रॅम मीठ असतं, वर्षाला 36 किलो. ते परसातल्या झाडांना घातलं तर झाडं जातील. काळ्या जमिनीत सोडियम गेलं की मातीचे कण फुटतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. ओढ्यात सोडलं तर कीटोमॉर्फाचे तुकडे गोड्या पाण्यात तगणार नाहीत, पण मीठ पुढे जाईलच. आपल्या उन्हाचा इथे मात्र उपयोग होतो. गच्चीवर पसरट प्लास्टिकच्या घमेल्यांत ते पाणी ओतून ठेवलं की एप्रिल-मेमध्ये दोन-चार दिवसांत तळाशी करड्या मिठाचा थर उरतो. तो परत टाकीत घालायचा नाही, कारण सगळं फॉस्फेट त्यातच असतं. खरडून पिशवीत भरायचा आणि कोरड्या कचऱ्यात द्यायचा. पावसाळ्यात घमेली झाकून ठेवावी लागतात, त्यामुळे त्या चार महिन्यांत साठवणीसाठी एक झाकणाचा ड्रम आधीच आणून ठेवावा.